कॉलेजचे पहिले सिम : कंपनी कोणती, प्लॅन कोणता?

दहावी-बारावीचे निकाल लागले, प्रवेशाच्या याद्या लागल्या, की घराघरांत बॅगा भरायला सुरुवात होते. कोणी म्हसळ्याहून मुंबईला निघते, कोणी बीडहून छत्रपती संभाजीनगरच्या मौलाना आझाद कॉलेजात, कोणी पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये. चादर, डबा, कागदपत्रांची फाइल यांच्या जोडीला मोबाइलही येतो. त्यात सिम कोणते घालायचे हे मात्र बहुतेक वेळा कोपऱ्यावरचा दुकानदार ठरवतो, नाहीतर मित्राकडे जे असेल तेच घेतले जाते. निर्णय छोटा दिसतो. पण पुढची तीन-चार वर्षे त्याचा खर्च घरातून जाणार असतो आणि शिष्यवृत्तीच्या अर्जापासून बँकेपर्यंत प्रत्येक ओटीपी त्याच नंबरावर येणार असतो. म्हणून तो घरात बसून, हिशेब करूनच घ्यावा.

आधी जागा, मग कंपनी

आज आपल्यासमोर जिओ, एअरटेल, व्ही आणि सरकारी बीएसएनएल हे मुख्य पर्याय आहेत. यातली चांगली कोणती, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. शहराच्या चौकात चारही कंपन्यांची रेंज असते. वसतिगृहाच्या मागच्या खोलीत कदाचित एकाचीच येते. म्हणून तीन ठिकाणे तपासावीत : मुलगा किंवा मुलगी जिथे बसून अभ्यास करणार ती खोली, कॉलेजची इमारत आणि आपले गावचे घर. ईदच्या सुट्टीत मूल घरी आले आणि फोन लागेना, तर ते सिम अर्धेच कामाचे.

तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच वसतिगृहात आधीपासून राहणाऱ्या मुलांना विचारणे. सामान ठेवायला जाल तेव्हा सोबतच्या दोघातिघांच्या फोनवर वेगवेगळ्या कंपन्यांची रेंज बघून घ्या. ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, ‘मायस्पीड’ ॲप इंटरनेटचा वेग मोजून दाखवते. दोन मिनिटांचे काम आहे.

५जी आले म्हणून घाई करू नका. भारतात ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. पण तिच्यासाठी फोनही ५जीचा लागतो आणि त्या जागी सिग्नलही लागतो. शिवाय अमर्याद ५जी सहसा मोठ्या, महागड्या प्लॅनसोबतच मिळते. खोलीत सिग्नल नसेल, तर ते जादा पैसे वाया गेले.

महिना तीस दिवसांचा, प्लॅन अठ्ठावीसचा

प्लॅनच्या किमतीआधी दिवस वाचायची सवय मुलांना लावा. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे महिना नव्हे. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज करावे लागतात. या तक्रारीमुळेच ट्रायने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा किमान एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येणारा किमान एक प्लॅन ठेवायला सांगितले. दुकानदार हे प्लॅन आपणहून सांगतोच असे नाही. आपण विचारावे.

तुलना करायची ती एका दिवसाच्या खर्चाची. समजा, २८ दिवसांचा प्लॅन ३०० रुपयांना आहे आणि तेवढाच डेटा देणारा ८४ दिवसांचा ८४० रुपयांना. पहिला दिवसाला पावणेअकरा रुपयांच्या आसपास पडतो, दुसरा बरोबर दहा. वर्षभरात सुमारे २६० रुपयांचा फरक. दर बदलत राहतात, जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकदमच वाढवले. पण भागाकाराची पद्धत बदलत नाही. मात्र जागा नवी असेल तर पहिला रिचार्ज छोटाच करा. रेंज ठीक आहे अशी खात्री पटल्यावर मोठा घ्या.

रोज दोन जीबी खरेच लागते का?

‘रोज दीड जीबी’, ‘रोज दोन जीबी’ असे प्लॅन आकर्षक वाटतात. पण त्या दिवशी न वापरलेला डेटा बहुतेक प्लॅनमध्ये रात्री बारा वाजता संपतो. साध्या दर्जाचा व्हिडिओ तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी घेतो. एक तास ऑनलाइन लेक्चर, नोट्स आणि घरच्यांशी व्हॉट्सॲप, एवढ्याला किती लागेल याचा अंदाज यावरून येतो. फोनच्या सेटिंगमध्ये कोणत्या ॲपने किती डेटा वापरला, हे महिन्याप्रमाणे दिसते. मागच्या महिन्याचा आकडा मुलालाच काढायला सांगा. अभ्यासाला किती गेला आणि रील्सना किती, हे आपण न बोलता त्याला कळेल. वसतिगृहात वाय-फाय असेल, तर लहान प्लॅनवर भागते.

अब्बा आखातात असतील, तर आणखी एक हिशेब. ‘अनलिमिटेड कॉल’ हे देशातल्या कॉलसाठी असतात. परदेशी कॉलचे वेगळे पैसे पडतात. दुबईशी व्हॉट्सॲप कॉल होत नाही म्हणून अनेक घरांत बोटिम वापरतात. त्यालाही डेटा लागतो, तो धरून प्लॅन निवडा.

बचत घरातूनही होऊ शकते. दादी किंवा नानी साधा फोन वापरत असतील, तर त्यांच्या नंबरावर इंटरनेटचा प्लॅन कशाला? डिसेंबर २०२४ च्या ट्रायच्या आदेशानंतर कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन आणावे लागले आहेत. न वापरलेल्या गोष्टीचे पैसे भरणे हाही इसराफच.

प्लॅन बदला, नंबर सांभाळा

सर्वांत महत्त्वाचे हेच. नव्या शहरात गेल्यावर मुले ‘ऑफर’ पाहून नवे सिम घेतात आणि जुने रिचार्ज न करता सोडून देतात. आधार, बँक खाते आणि शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र जुन्याच नंबरावर असतो. सलग ९० दिवस नंबर वापरलाच नाही, तर कंपनी तो बंद करू शकते आणि काही काळाने तो दुसऱ्या कोणाला मिळतो. मग महाडीबीटीच्या अर्जाची शेवटची तारीख जवळ येते आणि ओटीपी येत नाही. वर्षाची शिष्यवृत्ती एका रिचार्जपायी अडकते.

गाव सोडले म्हणून नंबर सोडायची गरज नाही. कंपनी पटली नाही, तर तोच नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येतो. जुलै २०१५ पासून देशभर कुठेही. इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० वर एसएमएस करायचा. आठ अक्षरी कोड येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. तो आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचे. त्याच सर्कलमध्ये तीन, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच कामकाजाचे दिवस लागतात. मुंबई हे वेगळे सर्कल आहे आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह वेगळे, हे लक्षात ठेवा. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. जुना प्लॅन संपत आला की पोर्ट करा, म्हणजे पैसे बुडणार नाहीत. परीक्षेच्या किंवा अर्जाच्या आठवड्यात करू नका. सेवा काही तास बंद राहते.

सिम कोणाच्या नावावर?

अठरा वर्षांखालील मुलांना स्वतःच्या नावावर सिम मिळत नाही. म्हणून अकरावी-बारावीत ते अम्मी किंवा अब्बांच्या नावावर असते, आणि ते ठीकच आहे. अठरा पूर्ण झाल्यावर दोघांनी कंपनीच्या दुकानात जाऊन ते मुलाच्या नावावर करून घ्यावे. मुलींच्या बाबतीत हे राहून जाते. नंबर भावाच्या नावावर, पुढे सिम हरवले की दुसरे काढायला भावालाच जावे लागते आणि तो नोकरीला दुसऱ्या गावी. शिकणाऱ्या मुलीचा नंबर तिच्याच नावावर असावा. तिचा रिचार्ज घरूनच किंवा कंपनीच्या ॲपवरून करावा, म्हणजे दुकानात चारचौघांसमोर नंबर सांगावा लागत नाही.

एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम असू शकतात. आपल्या नावावर किती आहेत, हे सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर दिसते. अनोळखी नंबर आढळला तर तिथेच कळवता येतो. फोन हरवला, तर तोही तिथून बंद करता येतो. त्यासाठी फोनचा पंधरा अंकी आयएमईआय नंबर लागतो. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की तो दिसतो. आजच घरातल्या वहीत लिहून ठेवा.

त्याच वहीत प्रत्येकाचा नंबर, तो कोणाच्या नावावर आहे, प्लॅन कधी संपतो आणि आधार-बँकेला कोणता नंबर जोडला आहे, हेही लिहा. वही कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्या. घरच्या पैशांचा हिशेब सांभाळण्याची पहिली जबाबदारी म्हणून हे काम वाईट नाही.