सागरेश्वर: उघड्या डोंगरावर वाढवलेले रान

सांगली जिल्ह्यातील कडेगाव, वाळवा आणि पलूस हे तीन तालुके जिथे एकमेकांना भिडतात, तिथल्या डोंगरांवर सागरेश्वर अभयारण्य पसरले आहे. क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर. एरवी अभयारण्य म्हणजे मुळात असलेल्या जंगलाला मिळालेले संरक्षण. सागरेश्वरला आधी जंगल तयार करावे लागले. उघड्या पडलेल्या डोंगरांवर झाडे लावली, ती जगवली आणि बरेचसे प्राणी बाहेरून आणून सोडले. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी या कामाचा ध्यास घेतला होता. १९८५ मध्ये सागरेश्वरला अभयारण्याचा दर्जा मिळाला.

हे काम किती अवघड होते, ते तिथली जमीन पाहिली की कळते. सह्याद्री ओलांडून पूर्वेला यावे तसा पाऊस झपाट्याने ओसरतो. काळ्या पाषाणावर मातीचा थर पातळ. पडलेले पाणी उतारावरून वाहून जाते. माथ्यावरून कृष्णेचे पात्र आणि काठची हिरवीगार उसाची शेते दिसतात, पण डोंगरावर बारमाही झरा किंवा ओढा नाही. म्हणून इथे काटेरी आणि पानगळीची झाडेच टिकतात. उन्हाळ्यात रान करड्या रंगाचे होते आणि जनावरांचा जीव पाणवठ्यांवर अवलंबून राहतो. पाणवठ्यात पाणी राखणे हेच त्या दिवसांतले सर्वांत मोलाचे काम.

सांबर, चितळ आणि काळवीट ही इथली मुख्य हरणे. तिघांच्या सवयी वेगळ्या. सांबराला उताराची दाट झाडी लागते आणि ते बहुधा रात्री चरते. चितळ कळपाने झाडीच्या कडेला दिसते. काळविटाला मात्र मोकळे गवताळ माळ हवेत. त्यामुळे सगळीकडे दाट झाडे लावून भागत नाही, गवताचे पट्टेही राखावे लागतात. रानडुक्कर, तरस, साळिंदर आणि मोर यांचाही इथे वावर आहे.

कराड, इस्लामपूर, सांगली या गावांतून सकाळी निघून संध्याकाळी परतता येते, हे सागरेश्वरचे मोठे सुख. किर्लोस्करवाडी आणि ताकारी ही रेल्वेस्थानके जवळ आहेत. ज्या देवस्थानावरून अभयारण्याला नाव मिळाले, ते सागरेश्वराचे मंदिर आणि त्याभोवतीचा लहान-मोठ्या देवळांचा समूह पायथ्याशी आहे. श्रावणात तिथे भाविकांची रीघ लागते. जवळचेच देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत फिरायला हवा चांगली असते. प्राणी पाहायचे तर पहाटे जावे आणि आवाज न करता चालावे. दुपारच्या गलक्यात मोरसुद्धा झुडपाबाहेर येत नाही.

एवढ्याशा रानात हरणांची संख्या वाढली की चारा कमी पडतो. कुंपण जिथे मोडलेले असेल तिथून ती खाली उतरतात आणि उभ्या पिकात शिरतात. शेतकऱ्याचे नुकसान खरे असते. रात्र रात्र राखण करूनही हाती आलेले पीक जाते, तेव्हा अभयारण्याचा अभिमान बाळगायला त्याला सांगणे सोपे नाही. म्हणूनच कुंपणाची वेळेवर डागडुजी, वेळेत भरपाई आणि रानातच पुरेसा चारा व पाणी, या तिन्ही गोष्टींकडे एकदमच लक्ष द्यावे लागते.