नंदू भेंडे : क्लबमधला रॉक आणि मराठी रंगभूमी

आत्माराम आणि आशा भेंडे या रंगकर्मी दांपत्याचे चिरंजीव नंदू भेंडे हे १९७० च्या दशकात मुंबईतील ‘वेल्व्हेट फॉग’ या बँडचे गायक होते. बँड म्हणजे गिटार, ड्रम व गायक यांचा छोटा संच.

त्या काळी अशा संचांना हॉटेले, महाविद्यालयीन महोत्सव आणि मोजके क्लब यांचाच आधार असे. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबमध्ये तर १९७२ साली ‘लेड झेपेलिन’ या ब्रिटिश रॉक बँडचे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट स्थानिकांचीच वाद्ये घेऊन वाजवायला उभे राहिले होते.

१९७४ साली अलेक पदमसी यांनी बसवलेल्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक ऑपेरात, म्हणजे रॉक संगीतातून कथा सांगणाऱ्या गीतनाट्यात, भेंडे यांनी ज्यूडास, म्हणजे येशूचा विश्वासघात करणारा शिष्य, साकारला.

भेंडे यांचा मराठी रंगभूमीशी दुवा मात्र पुण्यातून जुळला. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेले आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेले ‘तीन पैशाचा तमाशा’ पुण्याच्या थिएटर अकादमीने १९७८ साली रंगमंचावर आणले. त्यात लावणी आणि नाट्यसंगीताच्या शेजारी पाश्चात्त्य पॉपचा बाज बसवण्याचे अवघड काम भेंडे यांनी केले, आणि त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाची कामगिरी बहुधा हीच ठरावी, जरी सामान्य श्रोता त्यांना ‘डिस्को डान्सर’ (१९८२) मधील गाण्यामुळेच ओळखत असला तरी.

त्यांचे निधन २०१४ साली झाले.