चाकूच्या धारेचा कोन

बोथट चाकू निरुपद्रवी असतो, हा समज चुकीचा आहे. त्यावर अधिक जोर द्यावा लागतो, तो निसटतो आणि हाताला इजा होते. पाजळताना पाते दगडाशी जो कोन करते, त्यावर धारेचे गुण अवलंबून असतात. १५ अंशांची धार फळे सहज कापते. परंतु तिच्यामागे पोलाद थोडे असल्याने कठीण वस्तूवर ती वळते. २५ अंशांची धार टिकते, मात्र कापण्यास बळ लागते. म्हणून सर्व कामांच्या खिशातील चाकूस प्रत्येक बाजूने २० अंश योग्य होत. पाते २० मिलिमीटर रुंद असल्यास त्याच्या पाठीचा मध्य दगडापासून सुमारे ७ मिलिमीटर उंच धरावा. चेन्नईसारख्या सागरतीरावरील नगरात खारट, दमट हवेने साध्या पोलादाची धार गंजून बोथट होते. यास्तव काम संपताच पाते पुसून त्यास तेलाचा हात द्यावा.