महामंदीच्या काळातील औंध संस्थान

औंध संस्थान हे ब्रिटिश भारतातील एक मराठी संस्थान होते. त्याचा प्रदेश आजच्या सातारा, सांगली आणि विजापूर जिल्ह्यांत विखुरलेला होता. पंतप्रतिनिधी घराण्यातील भवानराव ऊर्फ बाळासाहेब (१८६८–१९५१) हे १९०९ पासून संस्थानाचे अधिपती होते. १९२९ नंतरची जागतिक महामंदी आणि १९३९ मध्ये प्रजेला मिळालेली स्वराज्याची घटना या दोन्ही गोष्टी त्यांच्याच कारकिर्दीतील होत.

पार्श्वभूमी

संस्थानात ७२ गावे व सुमारे ७५,००० लोकसंख्या होती. आटपाडीचा भाग अवर्षणग्रस्त होता. महामंदीत भारतातील शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले; सारा व सावकारी व्याज मात्र त्या प्रमाणात उतरले नाही. परिणामी तेवढीच रक्कम भरण्यासाठी शेतकऱ्याला दुप्पट धान्य विकावे लागे. बाळासाहेबांच्या पाठबळाने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसवली होती. तेथील लोखंडी नांगरांचे ग्राहक शेतकरीच असल्याने शेतीची अवस्था आणि उद्योगाची भरभराट एकमेकांशी जोडलेली होती.

स्वराज्याची घटना

याच सुमारास ठिकठिकाणच्या प्रजा परिषदा जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करीत होत्या. बाळासाहेबांचे पुत्र अप्पासाहेब पंत इंग्लंडमधील शिक्षण संपवून परतले होते. त्यांनी व पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने घटना तयार केली. नोव्हेंबर १९३८ मध्ये बाळासाहेबांनी सत्तात्यागाची घोषणा केली आणि जानेवारी १९३९ मध्ये घटना अमलात आली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांतून तालुका समिती आणि तालुक्यांच्या प्रतिनिधींतून विधिमंडळ बनवायचे, अशी तिची रचना होती. महसुलाचा सुमारे निम्मा भाग गावांकडे खर्चासाठी परत जाई. शेतकऱ्याने भरलेल्या पैशाचा विनियोग ठरविण्याचा अधिकार त्यामुळे प्रथमच गावाला मिळाला. अप्पासाहेब संस्थानाचे पंतप्रधान झाले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहतही १९३९ मध्येच स्थापन झाली.

मर्यादा आणि महत्त्व

या घटनेने मंदी दूर झाली नाही. मंदीची तीव्रता तोवर ओसरू लागली होती. संस्थानावरील ब्रिटिशांची अधिसत्ताही कायम राहिली. सत्तांतराचा आरंभ राजाकडून झाला आणि नव्या मंत्रिमंडळाचे नेतृत्वही राजपुत्राकडेच गेले, ही या प्रयोगातील विसंगती होय. तरीही घराण्याने सत्तेबरोबर महसुलातील वाटाही गावांकडे सोपविला, हे त्याचे वेगळेपण मानता येते. १९४८ मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले.