उतारवयाचा हिशेब – लेखांक ५ : एका बाजारपेठेतली चार वयं

गगनबावड्याच्या तहसील कार्यालयात एक लिपिक आणि एक शिपाई आहेत आणि दोघांची जन्मतारीख एकच आहे, असं समजू. लिपिक ५८ व्या वर्षी हार-नारळ घेऊन घरी जाईल. शिपाई मात्र आणखी दोन वर्षं फायली वाहत राहील. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मध्ये तशी तरतूदच आहे : चतुर्थ श्रेणीला ६०, बाकीच्यांना ५८. तिथून पोस्टात गेलं, की केंद्राचा नोकर म्हणून पोस्टमन ६० पर्यंत कामावर. त्याच खात्यातला, वाड्यावस्त्यांवर टपाल पोचवणारा ग्रामीण डाकसेवक ६५ पर्यंत चालतो आणि नियमित पेन्शन न घेताच थांबतो. आणि पोस्टासमोरून डोक्यावर इरलं घेऊन भातलावणीला निघालेली म्हातारी? तिला निवृत्तीचं वय नाहीच. गुडघे सांगतील तेव्हा.

मागच्या आठवड्यात जुन्या आणि नव्या पेन्शनमधला फरक पाहिला. आज वयाचा वाद समजून घेऊ.

मागणीचं मूळ

केंद्र सरकारने १९९८ साली आपल्या कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ५८ वरून ६० केलं. तेव्हापासून राज्यातले अधिकारी-कर्मचारी विचारत आले आहेत, ‘आम्ही दोन वर्षं आधी म्हातारे होतो का?’ राजपत्रित अधिकारी महासंघाने ही मागणी सातत्याने लावून धरली. शासनाने माजी सनदी अधिकारी बी. सी. खटुआ यांची समितीही नेमली, पण वय ५८ वरच राहिलं.

इतर राज्यांनी आपापली गरज पाहिली. तमिळनाडूने करोनाच्या काळात, २०२० मध्ये ५८ चे ५९ आणि पुढच्याच वर्षी ६० केले. आंध्र प्रदेश २०२२ मध्ये ६२ वर गेला. कारण अनुभवी माणसांची कदर एवढंच नव्हतं. माणूस निवृत्त झाला, की उपदान, रजेचा पगार, पेन्शनच्या अंशराशीकरणाची, म्हणजे पेन्शनचा काही भाग आगाऊ घेण्याची, रक्कम असं सगळं एकदम द्यावं लागतं. वय वाढवलं, की ही देणी पुढे ढकलली जातात. टळत मात्र नाहीत.

बंद दरवाजा किती काळ?

विरोध सगळ्यात जोरात होतो तो अभ्यासिकांमधून. गगनबावडा, साळवण, तिसंगीकडची मुलं कोल्हापुरात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. ‘साहेब उठले नाहीत तर आम्ही बसायचं कुठं?’ हा त्यांचा प्रश्न खरा आहे, पण नेमका समजून घ्यायला हवा.

निवृत्तीचं वय दोन वर्षांनी वाढलं, तर निवृत्तीमुळे मोकळ्या होणाऱ्या जागा दोन वर्षं थांबतात. तिसऱ्या वर्षापासून त्या पूर्वीसारख्या मोकळ्या होऊ लागतात. कुंभी धरणाचा दरवाजा दोन वर्षं बंद ठेवून पुन्हा उघडावा तसं हे आहे. पण पाणी थांबतं, वय थांबत नाही. राज्याच्या नोकरीसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३८ आहे. आज ३७ चा असलेला मुलगा त्या दोन वर्षांत कायमचा बाहेर फेकला जातो. म्हणजे नुकसान सगळ्या पिढीचं सारखं होत नाही; उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांचं होतं, आणि त्यांचं पूर्ण होतं.

याची दुसरी बाजूही पाहा. राज्य शासनात दोन लाखांहून जास्त मंजूर पदं रिकामी आहेत. या खुर्च्यांवर कोणीच बसलेलं नाही, तेव्हा त्या कोणी अडवल्या असं म्हणता येत नाही. दरवाजा निवृत्तीच्या वयाने जेवढा अडतो, त्याहून जास्त न झालेल्या भरतीने अडतो.

आणखी एक गंमत. तोच मुलगा ३८ व्या वर्षी नोकरीला लागला, तर ५८ पर्यंत त्याची सेवा भरते २० वर्षं. केंद्राच्या एकीकृत पेन्शन योजनेत मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन मिळायला २५ वर्षं लागतात. सेवा कमी असेल तर पेन्शन त्या प्रमाणात. हाच नियम त्या मुलाला लावून पाहू. शेवटच्या वर्षाचा सरासरी मूळ पगार ६० हजार धरा. २५ वर्षांना ३० हजार, २० वर्षांना २४ हजार. निवृत्ती ६० व्या वर्षी असती तर २२ वर्षांचे २६,४०० झाले असते. आज अभ्यासिकेत बसून वाढीला विरोध करणारा उद्या खुर्चीत बसून तीच वाढ मागणार आहे. त्याला दुटप्पी म्हणायचं कारण नाही. उशिरा मिळालेल्या नोकरीचा हिशेबच तसा आहे.

दोन वेगळ्या गोष्टी

या वादात एक घोळ नेहमी होतो. काम सोडण्याचं वय आणि पेन्शन सुरू होण्याचं वय या दोन गोष्टी आहेत. बिस्मार्कच्या जर्मनीने १८८९ मध्ये कामगारांसाठी वृद्धापकाळ पेन्शनचा कायदा केला तेव्हा वय ठरवलं ७०. ते १९१६ मध्ये ६५ वर आलं. फ्रान्समध्ये २०२३ साली हेच वय ६२ वरून ६४ करायला निघाले, तेव्हा लाखो लोक रस्त्यावर उतरले. तिथे आकडा बदलला, की सरकारी कारकुनाबरोबर गवंडीही त्यात सापडतो.

आपल्याकडे ५८ की ६० हा वाद फक्त सरकारी नोकरांपुरता आहे. गगनबावड्यासारख्या तालुक्यात त्यांची घरं किती? बाकी घरं भात, नाचणी, ऊस आणि पुण्या-मुंबईच्या मनिऑर्डरीवर उभी राहिली. साखर कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या कामगाराला भविष्य निर्वाह निधीची पेन्शन ५८ व्या वर्षी मिळते. तिची किमान रक्कम २०१४ पासून महिना एक हजार आहे. शेतमजूर बाईसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे : वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत आणि रक्कम महिना दीड हजार. उत्पन्नाची मर्यादा महिन्याला पडते १,७५० रुपये. एवढ्यात घर चालत असल्याचा दाखला आणला, तर पेन्शन मिळणार.

म्हणजे ज्याचं काम टेबलावरचं, त्याला ५८ ला थांबायचं आणि पेन्शनही लगेच. जिची कंबर चिखलात वाकली, तिने ६५ पर्यंत थांबायचं. शरीर आधी कोणाचं थकतं हे सांगायला आयोगाची गरज नाही.

माझं मत स्पष्ट आहे. रिक्त पदं भरल्याशिवाय राज्याने ५८ चे ६० करू नयेत. आणि करायचे झाले तर वाढीच्या दोन वर्षांत वयोमर्यादा ओलांडणाऱ्या उमेदवारांना तेवढी सवलत द्यावी. पण त्याआधी अंगमेहनतीच्या माणसाचं ६५ हे वय ६० वर आणावं. एक वय वर नेण्याची चर्चा तीस वर्षं होत आली. दुसरं खाली आणण्यासाठी मोर्चा क्वचितच निघतो.

तोवर एक काम वाचकांनी करावं. आपल्या वस्तीत ६५ पार केलेलं, शाळेचा दाखला नसल्यामुळे अर्जच न केलेलं कोणी असेल, तर त्यांना सांगा : सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो. नुसतं सांगून थांबू नका, एसटीने सोबत जा. पुढच्या आठवड्यात पाहू हयातीचा दाखला.