कायनेसिऑलॉजी : रापणीचा दोर आणि पीएच.डी.

शेवटच्या वर्षाला सगळ्यांना एकच प्रश्न विचारला जातो. "पुढे काय?" मी "कायनेसिऑलॉजीत पीएच.डी." असं उत्तर दिलं की दोनच प्रतिक्रिया येतात. पहिली, "म्हणजे जिम ट्रेनर होणार?" आणि दुसरी, "मग मेकॅनिकलची चार वर्षं फुकटच की रे!" कॅंटीनमध्ये उभ्या उभ्या समजावून दमलो, म्हणून हा लेखप्रपंच.

कायनेसिऑलॉजी म्हणजे काय?

ग्रीक भाषेत 'किनेसिस' म्हणजे हालचाल. माणसाचं शरीर हलतं कसं, थकतं कसं आणि नवी हालचाल शिकतं कसं, याचा अभ्यास म्हणजे कायनेसिऑलॉजी. थोडक्यात सांगायचं तर तीन विषयांचं हे एकत्र कुटुंब आहे. शरीरावरची बलं मोजणारं बायोमेकॅनिक्स, श्रमाच्या वेळी हृदय-फुप्फुसं-स्नायू काय करतात ते बघणारं शरीरक्रियाशास्त्र, आणि मेंदू हालचालीवर ताबा कसा ठेवतो याचा अभ्यास.

विषय जुना आहे. इटालियन गणिती बोरेल्ली याचा प्राण्यांच्या हालचालींवरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८०-८१ मध्ये छापला गेला. हाडं म्हणजे तरफा आणि स्नायू त्या तरफेला टेकूच्या अगदी जवळ ओढतात, म्हणून स्नायूला उचललेल्या वजनाच्या कितीतरी पट बल लावावं लागतं, हे त्याने गणिताने दाखवलं. आपल्याकडेही स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रियांच्या वेळी शरीरात नेमकं काय घडतं ते क्ष-किरण आणि दाबमापकांनी तपासायला घेतलं. म्हणजे 'हे सगळं परदेशी फॅड आहे' असं म्हणायची सोय नाही!

आता आमच्या गावची रापण

मी मालवण तालुक्यातल्या तोंडवलीचा. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे वाळू आणि माड. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. होडीतून जाळं अर्धवर्तुळात समुद्रात सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि माणसांच्या दोन रांगांनी ते ओढून जाळं हळूहळू वर घ्यायचं. मित्रांनो, फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधलं यापेक्षा चांगलं गणित मला तरी माहीत नाही.

समजा, ओढणारा माणूस ६० किलोचा आहे आणि मागे रेलून उभा आहे. त्याचा गुरुत्वमध्य पावलांच्या ३० सेंमी मागे आहे. दोर आडवा आहे आणि जमिनीपासून ९० सेंमी उंचीवर, म्हणजे कमरेपाशी, धरलाय. पावलांभोवती मोमेंट घ्या. ६० गुणिले ९.८ गुणिले ०.३, भागिले ०.९. उत्तर साधारण १९६ न्यूटन, म्हणजे २० किलो वजनाइतका ताण. पाठीचे स्नायू फारसे न ताणता, नुसतं रेलून! अशी वीस माणसं लागली की चारशे किलो. रेलायचं कसं हे रापणकरांना कुठल्या प्रोफेसरने शिकवलेलं नाही.

मग कंबर दुखते का? कारण काम तिथे संपत नाही. मासळी टोपलीत भरून उचलायची असते. २० किलोची टोपली कमरेच्या मणक्यापासून ४० सेंमी पुढे धरली तर मोमेंट होतो सुमारे ७८ न्यूटन-मीटर. पाठीच्या स्नायूंचा आर्म असतो जेमतेम ५ सेंमी, म्हणजे स्नायूंना सुमारे १,५७० न्यूटन ओढावे लागतात. त्यात वाकलेल्या धडाचं स्वतःचं वजन आलंच. डोकं, हात आणि धड मिळून ४० किलो, मणक्यापासून २५ सेंमी पुढे धरलं, तर आणखी १,९६० न्यूटन. बेरीज ३,५०० च्या वर. अमेरिकेच्या 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेने १९८१ मध्ये मणक्यावरच्या दाबासाठी ३,४०० न्यूटन ही सावधगिरीची रेषा आखली होती. म्हणजे एका टोपलीत आपण रेषेपलीकडे! तीच टोपली अंगालगत, २० सेंमीवर आणली की स्नायूंवरचा भार जवळजवळ ८०० न्यूटननी उतरतो.

हे मी सुट्टीत शेजारच्या तात्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. आयुष्यभर रापण ओढलेला माणूस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झिला, टोपली भिजलेली आसता, वाळूत पाय रुततत, आणि तू म्हणतंस अंगाक लावन धर. तुझ्या पुस्तकात ह्या खय लिवलेला आसा?"

खरंच, कुठे लिहिलंय? माझं गणित कागदावरच्या, स्थिर, न दमणाऱ्या माणसाचं. पीएच.डी. लागते ती इथून पुढे.

संशोधन कुठे सुरू होतं?

वाळूचंच बघा. १९९८ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी दाखवलं की कठीण जमिनीच्या तुलनेत वाळूवर चालायला २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते. पण ओझं घेऊन? ओल्या उतारावर? तासभर दोर ओढल्यानंतर? प्रयोगशाळेत पायाखालचं बल मोजायला जमिनीत घट्ट बसवलेली फोर्स प्लेट असते, ती रुतत्या वाळूत कशी बसवणार? स्नायूंचे विद्युतसंकेत टिपणारे इलेक्ट्रोड घामाने आणि खाऱ्या पाण्याने सुटतात. मग दोरातच लोडसेल बसवायचा, की अंगावर जलाभेद्य सेन्सर बांधायचे? हे प्रश्न इंजिनिअरचेच आहेत. मात्र थकवा, वय, जुनी दुखापत हे समजून घ्यायला शरीरशास्त्र नव्याने शिकावं लागतं. शिवाय माणसांवर प्रयोग म्हणजे आधी एथिक्स कमिटीची परवानगी आणि प्रत्येकाची लेखी संमती. नमुना बिघडला म्हणून दुसरा कापला, असं इथे चालत नाही.

वाट कशी आहे?

भारतात शोधताना 'कायनेसिऑलॉजी' हेच नाव धरून बसू नका. हाच अभ्यास शारीरिक शिक्षण, फिजिओथेरपी, बायोमेडिकल इंजिनिअरिंग आणि अर्गोनॉमिक्स अशा पाट्यांखाली चालतो. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे, आय.आय.टी.चे बायोमेडिकल आणि डिझाइनचे विभाग आहेत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला किमान ७५ टक्के असतील तर मास्टर्स न करताही पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र ठरता येतं. किमान मुदत तीन वर्षं, आणि सुरुवातीला किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क. यूजीसीची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली.

परदेशात या नावाचे स्वतंत्र विभाग आहेत. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठात तो १९६७ पासून आहे. तिथल्याच डेव्हिड विंटर यांचं बायोमेकॅनिक्सचं पुस्तक आपल्याला सहज झेपतं, कारण अर्धं पुस्तक म्हणजे फ्री बॉडी डायग्रॅम! अमेरिकेत बहुतेक वेळा शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाच्या बदल्यात फी माफ होते आणि खर्चापुरते पैसे मिळतात. तशी सोय नसेल तर कर्ज काढून पीएच.डी.ला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

पैशांचं गणित घरी मांडलं तेव्हा ते सोपं नव्हतं. कॅम्पसमधून लागलेला मित्र पहिल्याच महिन्यात घरी पैसे पाठवणार आणि मी पुढची चार-पाच वर्षं विद्यार्थीच. पुढे कृत्रिम अवयव, पादत्राणं, वाहनांची आसनं, क्रीडा संशोधन, अध्यापन अशी क्षेत्रं आहेत, पण दारात उभी असलेली नोकरी नाही, हे ज्याने त्याने ओळखूनच उतरावं.

म्हणून ज्यांना यात रस असेल त्यांना एकच सांगणं. आधी विद्यापीठ नको, आधी प्रश्न शोधा. उसाची मोळी डोक्यावर घेणारी बाई, हमाल, लोकलच्या दारात लटकणारा माणूस... प्रत्येक जण एक न सुटलेलं उदाहरण आहे. गाइडला पत्र लिहाल तेव्हा मार्कांच्या आधी तो प्रश्न लिहा. आणि उत्तर सापडलं की ते जर्नलमध्ये छापून थांबू नका. ज्याच्या कमरेवर ते मोजलं, त्याला त्याच्या भाषेत जाऊन सांगा. त्याला ते पटलं नाही, तर प्रबंधाला अजून एक प्रकरण बाकी आहे असं समजा!