कॅथलिक शाळांतील बदल्या आणि भविष्याचे नियोजन

२०२१ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या मांजरी बुद्रुकसारख्या वाढत्या उपनगरांतील पालकांना कॅथलिक शाळेचे मुख्याध्यापक का बदलतात, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पुण्यातील सेंट व्हिन्सेंट्स (१८६७) आणि पाषाणची लॉयोला (१९६१) या शाळा जेझुइट, म्हणजे येशूसंघ या धर्मसंघाच्या असून, आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या सदस्याची नेमणूक वा बदली त्याचा प्रोव्हिन्शियल, म्हणजे प्रांतप्रमुख करतो. संविधानाच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापून चालवण्याचा हक्क असल्याने प्रमुख निवडण्याचे स्वातंत्र्यही संस्थेकडे राहते. तथापि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातील शालेय टप्प्यांची ५+३+३+४ (वर्षे) रचना राबवताना सातत्य लागते. म्हणून व्रतस्थ नसलेल्या अनुभवी शिक्षकांना नियोजनात सामावून घेणे आणि बदलाची माहिती पालकांना वेळेवर देणे हे प्रत्येक संस्थेचे कर्तव्य ठरते.